पेटी चरखा: ताणावर उतारा म्हणून घ्यायचा असेल तर

'सकारात्मक राहा' असं सांगणाऱ्यांची विदर्भातल्या खेड्यात वाण नाही. बोंडअळी आलेली असते, भाव पडलेला असतो, बँकेचे फोन सुरू असतात आणि मोबाइलवर गुलाबाच्या फुलावर छापलेला सुविचार येऊन पडतो. वाचणाऱ्याच्या हाताला त्यातून काही काम मिळत नाही, म्हणून तो दुपारपर्यंत विसरलेलाही असतो. पेटी चरख्याचं हे परीक्षण त्या बाजूने केलं आहे. रोज अर्धा तास डोकं थाऱ्यावर आणायला, आणि आपल्या हातून काहीतरी पुरं होतंय हे डोळ्यांना दिसायला, ही वस्तू कितपत कामाची? खादीची कमाई आणि गांधीविचार हे विषय मोठे आहेत, ते इथे बाजूला ठेवले आहेत.

मत आधीच सांगून टाकतो. वस्तू उत्तम आहे. चरखा विकत घेणं सोपं, चांगला पेळू, म्हणजे कातायला पिंजून वळलेला कापूस, मिळवणं कठीण, आणि बरेचसे चरखे याच एका कारणाने महिन्याभरात फडताळावर जाऊन बसतात. त्यामुळे पुढे चरख्यापेक्षा कापसाबद्दल जास्त लिहिलेलं दिसेल.

ज्याला आपण पेटी चरखा म्हणतो त्याला जुनी माणसं येरवडा चक्र म्हणत. अखिल भारत चरखा संघाने 1929 मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच सुमाराच्या खटपटींतून, येरवड्याच्या तुरुंगात, घडी होऊन पेटीत बसणारा हा दोन चक्रांचा चरखा आकाराला आला. मोठं चक्र हाताने फिरवायचं, त्यावरची माळ, म्हणजे दोरीचा पट्टा, लहान चक्राला फिरवते, लहान चक्रावरची बारीक माळ चातीला. चात म्हणजे धाग्याला पीळ देणारी टोकदार बारीक सळई. दोनदा वेग वाढत असल्यामुळे मोठं चाक न ठेवताही चात भरपूर फिरते. झाकण लावलं की पेटी हातात धरून एसटीत नेता येते. याहून लहान, पुस्तकाच्या आकाराचा चरखाही मिळतो. दिसायला गोंडस असतो, पण त्याचं चक्र लहान, पकड अवघड आणि कातताना पेटीच सरकते. नवख्याने तो घेऊ नये. बहुचाती अंबर चरखा उत्पादनासाठी आहे, या कामाचा नाही.

घेताना दुकानात बसून पाच गोष्टी तपासाव्यात. चात काढून सपाट काचेवर लोळवा. लोळताना टोक उड्या मारत असेल तर ती वाकलेली आहे, दुसरी मागा. दोन्ही चक्रं माळ न लावता फिरवून बाजूने बघा, डुलणारं चक्र पुढे माळ सारखी पाडतं. माळ लावून मोठं चक्र सावकाश फिरवा. सगळीकडे सारखंच हलकं लागायला हवं, एका जागी जड होत असेल तर आसात दोष आहे. पेटीचे सांधे बघा. कच्च्या लाकडाची पेटी मे महिन्यात आपल्याकडे हमखास आक्रसते आणि मग चक्रांची सरळ रेष बिघडते, म्हणून सागवानी घेता आली तर पैसे वसूल होतात. शेवटची तपासणी फाळक्याची. सूत उतरवून गुंडाळायचा हा घडीचा फाळका पेटीतच असतो. जुन्या हिशेबाने त्याचा घेर चार फूट, म्हणजे एक फेरा ही एक तार. 160 तारांची एक लटी, चार लटींची म्हणजे 640 तारांची एक गुंडी. काही ठिकाणी हजार मीटरची गुंडी धरतात, त्यांच्या फाळक्याचं माप वेगळं असतं. शिवणाची टेप लावून घेर मोजून घ्या, नाहीतर पुढचे सगळे हिशेब चुकतात.

भाव लाकडावर आणि कारागिरावर ठरतो. घाई असेल तर आधी नुसती टकळी घ्या. ती अगदी स्वस्तात मिळते, आणि कातण्यात आपलं मन लागतं की नाही ते आठवड्याभरात कळतं.

आता पेळू. पिंजलेल्या कापसाची करंगळीएवढी जाड, वीतभर लांब गुंडाळी म्हणजे पेळू. तो तयार विकत मिळतो. नवख्याने सुरुवातीला तयारच घ्यावा, पण हातात धरून तपासावा. दोन बोटांनी टोकाचे तंतू हलकेच ओढले तर ते सरळ रेषेत सुटून आले पाहिजेत. गोळा तुटून हातात आला तर पेळू दाबून वळलेला आहे किंवा फार दिवस पडून राहिलेला आहे. असल्या पेळवाने कितीही सराव केला तरी धागा तुटतच राहतो, आणि माणूस समजतो आपल्यालाच जमत नाही. चरखा सोडून देणाऱ्यांत अशा माणसांचा भरणा मोठा.

आपल्या भागात दुसरा मार्ग हाताशी आहे तो घरच्या कापसाचा. पऱ्हाटी लावणाऱ्या घराचा कापूस वेचून, बंडीत भरून थेट जिनिंगवर जातो. त्याचं सूत कसं होतं हे घरातल्या कुणी पाहिलेलंच नसतं. पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकवूनही त्याचा एक धागा आपल्या हातचा नसावा, हे जरा विचित्रच आहे. किलो-दोन किलो बाजूला काढणं कुणालाही परवडतं. मात्र कोणता काढायचा ते महत्त्वाचं. पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा, पूर्ण फुटलेल्या बोंडातला, दव उतरल्यावर वेचलेला कापूस घ्यावा. कवडी कापूस, म्हणजे अळीने खाल्लेल्या बोंडातला पिवळट, चिकटलेला माल, कातायला अजिबात चालत नाही, त्याचे तंतू पिंजताना गाठी होऊन बसतात. फरदडीचा कापूसही नको. हंगाम संपल्यावर पाणी देऊन राखलेल्या झाडाला जोर नसतो, तंतू आखूड आणि कच्चा निघतो. शिवाय फरदडीने गुलाबी बोंडअळी पोसली जाते, ते वेगळंच. जिनिंगमधून दाबलेल्या गाठीची रुई कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. दाबाने तंतू बसलेले असतात आणि हाताने मोकळे करता करता जीव जातो.

सरकी काढायला घरी यंत्र लागत नाही. गुळगुळीत लाकडी फळी आणि वीतभर लोखंडी सळई पुरते. सावलीत सुकवलेल्या कापसाचं एकेक बी फळीवर ठेवायचं, सळई त्यावर धरून तळहातांनी पुढे लोटायची. सरकी पुढे सटकते, रुई मागे राहते. पहिल्या दिवशी तळहात दुखतात. सळई खडबडीत असेल तर तंतू तुटतात, म्हणून बारीक पॉलिश पेपरने आधी घासून घ्या. नंतर रुई तारेच्या दातांच्या दोन ब्रशांमध्ये, किंवा लहान धनुकलीने, पिंजायची. पिंजलेला थर उजेडासमोर धरला तर सगळीकडे सारखा पातळ दिसायला हवा. काळे ठिपके दिसले तर तो पाचोळा. तो तसाच राहिला तर प्रत्येक ठिपक्यापाशी धागा तुटणार, त्यामुळे आळस करू नये. शेवटी तो थर फळीवर पसरून बारीक काडीभोवती हलक्या हाताने गुंडाळायचा आणि काडी ओढून घ्यायची. जोर दिला की पेळू बिघडला. पोळी लाटताना हात जेवढा हलका ठेवतो त्याहून हलका.

हिशेब असा. कापसात रुईचा उतारा साधारण एक तृतीयांश, म्हणजे एक किलो कापसातून सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम रुई. पिंजण्यातली घट धरून तीनशे ग्रॅम पेळू हाती लागतात. अंक म्हणजे सुताच्या बारीकपणाचं माप. नवख्याचं सूत जाड, 12 अंकाच्या आसपास निघतं. त्या अंकाची 640 तारांची गुंडी 38 ग्रॅमची भरते, म्हणजे सात-आठ गुंड्या. हात बसून 20 अंकाचं सूत निघू लागलं की गुंडी 23 ग्रॅमवर येते आणि त्याच कापसातून बारा-तेरा गुंड्या होतात. अंक मोठा तितकं सूत बारीक. अर्थात बारीक कातण्याच्या मागे सुरुवातीला लागूच नये. जाड पण सारखं सूत विणकराला चालतं, बारीक पण कुठे दोरा कुठे केस असलेलं चालत नाही.

कातण्याची क्रिया शब्दांत सांगितली तर सोपी वाटते. चातीवर आधी हातभर तयार धागा गुंडाळून त्याचं टोक पेळवाच्या तंतूंवर ठेवायचं, उजव्या हाताने चक्र फिरवायचं. पीळ चढून तंतू धाग्याला धरतात. मग डावा हात पेळू सैल धरून चातीच्या टोकापासून तिरपा मागे न्यायचा. हात मागे जाताना चक्र चालूच. हात पुरेसा मागे गेला की तिथेच थांबून चक्राला अर्धा-एक फेरा जादा द्यायचा, त्याने धागा पक्का होतो. नंतर चक्र किंचित उलटं फिरवून चातीच्या टोकावरचे वेढे सोडवायचे, हात वर घेऊन धागा चातीला काटकोनात आणायचा आणि चक्र सुलट फिरवून गुंडाळायचा. पुन्हा तिरपा, पुन्हा मागे. चातीवर सुताची कुकडी भरली की ती फाळक्यावर उतरवायची.

सगळं कसब पेळू धरलेल्या तीन बोटांत आहे. घट्ट धरला की तंतू सुटत नाहीत आणि धागा तुटतो, फार सैल धरला की पीळ थेट पेळवात शिरतो आणि सगळा गठ्ठा एकदम ओढला जातो. याच जागी हा चरखा मनाच्या कामाला येतो. चिडलेल्या माणसाची बोटं नकळत आवळली जातात आणि धागा तुटून लगेच तसं सांगतो. कुणी उपदेश करत नाही, रागवत नाही. टोकं जुळवायची आणि बोटं सैल सोडायची, एवढंच. दोन्ही हात गुंतलेले असल्याने मोबाइल उचलता येत नाही, हा फायदा कोणत्याही ध्यानाच्या अॅपपेक्षा मोठा. हात मागे नेण्याच्या लयीत श्वासही आपोआप लांबतो. मंत्र म्हणायचा असेल तर म्हणा, भजन लावायचं असेल तर लावा, चरख्याला दोन्ही चालतं. बातम्या मात्र लावू नका.

कटकटी काय येतात तेही सांगायला हवं, कारण त्या विदर्भाच्या हवेशी बांधलेल्या आहेत. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तंतू उडतात, बोटांना चिकटतात, धागा कडकडून तुटतो. त्या दिवसांत सकाळी लवकर कातावं, पेळवाचा डबा माठाच्या जवळ सावलीत ठेवावा. कूलरच्या झोतात कातायला बसू नये, पेळू भुरभुरतो. पावसाळ्यात उलटा त्रास. पेळू ओलावा धरून बसका होतो, सुती माळ आखडून ताठ होते आणि चक्र जड जातं. माळेची गाठ सोडून थोडी सैल बांधा, पेळू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ऊन पडलं की तासभर सावलीत मोकळे करा. ऊन परतलं की तीच माळ सैल पडून घसरू लागते, तेव्हा तिला राळ आणि मेण एकत्र वितळवून चोळा, पकड येते.

कुरकुर ऐकू आली तर जिथे चात आणि आस टेकतात तिथे शिलाई मशीनचं तेल एक थेंब. खोबरेल किंवा गोडेतेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं आणि चक्र आणखी जड होतं. दोन थेंब घातले तर दुसरा सुतावर येतो. सुताला जागोजाग अढ्या, म्हणजे पिळाच्या गाठी, पडत असतील तर पीळ जास्त होतोय, म्हणजे हात थांबलेला आणि चक्र चालू. सूत ओढताच फुसकन सुटत असेल तर पीळ कमी, चक्राचा जादा फेरा विसरला जातोय. चातीच्या टोकाला गंज चढला की धागा तिथे अडकून एकाच जागी तुटतो, बारीक पॉलिश पेपरने टोक घासून कोरड्या फडक्याने पुसा.

बसण्याचं दुर्लक्षित राहतं. पेटी जमिनीवर आणि माणूस वाकलेला, असं पंधरा दिवस केलं की पाठ धरते. दिवसभर वावरात निंदण करून आलेल्या बाईने तर असं बसूच नये. भिंतीला पाठ टेकून बसा. मांडी घालता येत नसेल तर पेटी चौरंगावर आणि आपण बाजेवर. डाव्या खांद्यात कळ येऊ लागली तर समजा हात खांद्यापासून ओढताय, तो कोपरापासून मागे जायला हवा.

किती कातावं? रोज अर्धा तास. हात बसलेला माणूस तेवढ्यात एका लटीच्या आसपास काततो, नवखा त्याच्या निम्म्यानेही नाही. त्याची चिंता नको, पण वेळ मात्र ठरलेली हवी. दिवेलागणीनंतर, टीव्ही लागण्याआधीची वेळ बहुतेक घरांत जमते. तासभर बसण्याचा उत्साह पहिल्या आठवड्यात येतो आणि तोच घात करतो, कारण बोटं सुजतात आणि दुसऱ्या आठवड्यात पेटी उघडली जात नाही. आणखी एक धोका हुशार माणसांचा. तारांची वही करून रोज कालच्यापेक्षा जास्त काढायची शर्यत लावली की ताण घालवायला आणलेली वस्तूच नवा ताण होऊन बसते. वही ठेवायची तर गुंडी पुरी झाल्याची तारीख लिहा, बास.

चरख्याने कर्ज फिटत नाही आणि सोयाबीनला भाव येत नाही. कर्जाचं पुनर्गठन, पीक विम्याची तक्रार, वकिलाची भेट ही कामं त्या त्या दारात जाऊनच होतात, फक्त ती करायला जाताना डोकं जरा जागेवर असतं. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, जेवण नको वाटत असेल, कशातच मन लागत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर तो उपचाराचा विषय आहे, छंदाचा नाही. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 वर चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची सोय असते. असं माणूस घरात असेल तर फवारणीची औषधं त्या काळात शेजारच्या, विश्वासाच्या घरी कुलपात ठेवा. उपचार सुरू झाल्यावर डॉक्टरांना विचारून चरखा जोडीला ठेवायला हरकत नाही.

राहिला प्रश्न सुताचं करायचं काय. हा प्रश्न चरखा घ्यायच्या आधी सोडवा. ज्या घरात सुताला ठिकाण ठरलेलं नाही तिथे गुंड्या पिशवीत साठतात, झुरळं लागतात आणि कातणाऱ्याला वाटू लागतं की हा सगळा रिकामा उद्योग. ठिकाण ठरलेलं असलं की तोच अर्धा तास अर्थाचा होतो. आईसाठी पंचा, नातवाला दुपटं, शाळेच्या कार्यक्रमात द्यायचे सुताचे हार, काहीही चालेल. मीटरभर साध्या, 36 इंच पन्ह्याच्या कापडाला 20 अंकाच्या पाच-सहा गुंड्या धरा, म्हणजे पंचा हे हाती लागणारं ध्येय आहे, धोतरजोडी नव्हे. विणकर शोधणं अवघड जातं. नवख्याचं सूत ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, टिकत नाही, माग त्याला तोडतो, म्हणून ताणा विकतच्या सुताचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, आपला असं विणकराशी आधी बोलून घ्या, किंवा सूत दुहेरी करून पिळून द्या. काही खादी संस्था सूत घेऊन बदल्यात कापड देतात. प्रत्येकीचे नियम निराळे, फोन करून विचारावं.

विनोबांनी सुरू केलेली सूतांजलीची रीतही आहे. 12 फेब्रुवारीला, गांधीजींच्या अस्थिविसर्जनाच्या दिवशी, वर्षातून एक गुंडी स्वतःच्या हातची अर्पण करायची. पवनारला धाम नदीच्या काठी त्यासाठी माणसं जमतात. वर्षाला 640 तार हे कुणालाही झेपणारं माप आहे, आणि ज्यांना घरात सुताचं काही करायचं नाही त्यांच्यासाठी हे ठिकाण पुरेसं आहे.

द्यायच्या आधी गुंडीला चार ठिकाणी आठच्या आकड्यासारखा सैल दोरा बांधा, नाहीतर धुताना गुंता होतो. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता, खाली हलकं वजन लटकवून सावलीत वाळवा. पीळ बसतो, अढ्या कमी होतात.

खरेदीसाठी वर्धा सगळ्यात सोयीचं. सेवाग्राम, मगनवाडी, गोपुरी एकमेकांपासून फार लांब नाहीत. एका दिवसात तिन्हीकडे चौकशी होते, कातून दाखवणारं माणूसही भेटण्याचा संभव असतो. तासभर समोर बसून शिकलं तर महिन्याभराची चुकामूक वाचते. कुरियरने मागवलेला चरखा हाताळून बघता येत नाही आणि वाटेत चात वाकते, त्यामुळे तो मार्ग आम्ही सुचवत नाही. जिथून घ्याल तिथूनच दोन जादा चाती, बारीक माळेचा दोन वाव दोरा आणि निदान पाव किलो पेळू बरोबर आणा. तालुक्याच्या बाजारात यातलं काही मिळत नाही.